रसूलचाचांचा कान

पायाच्या अंगठ्याला एकच हिसका बसला. रसूलचाचांनी डोळे मिटले, मान जराशी डावीकडं कलती केली आणि निकाल दिला, "हणमंतराव, घासतोय."

"घासतोय? मला तर चोख वाटून राहिला चाचा."

चाचांनी डोळे उघडले ते थेट हणमंतच्या ओठांवर. मग म्हणाले, "तुमचा कान टाळाचा हाय. ह्यो स्पीकर पखवाजाच्या धूमला आतून घासतोय. कॉईल सरकलीय. ठिवून जा, जुम्म्याला या."

हणमंतनं कपाळाला हात लावला. तो भजनी मंडळाचा पेटीवाला, वाद घालायची त्याला हौस होती. पण या दुकानात कुणी वाद घालत नसे. "आमचे बुवा म्हणतात ते खोटं न्हाई. नांदेडात स्पीकर रसूलचाचाच्या कानावरून गेल्याबिगर मंडपात न्यायचा न्हाई."

तो गेला. त्याची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत चाचा तसेच ताठ बसून राहिले. मग वाकून त्यांनी अंगठ्याची दोरी सैल केली.

पायजम्याच्या नाडीची दोरी ती. चाचांच्या अंगठ्यापासून चटईखालून निघायची, उंबऱ्याजवळच्या भोकातून फुलाफुलांच्या पडद्यामागं जायची. तिचं दुसरं टोक सुलतानबीच्या बोटाला असायचं. चाचांची बायको आतल्या खोलीत पाटावर बसून तांब्याची तार गुंडाळायची आणि बाहेर वाजणारा स्पीकर ऐकायची. एक हिसका म्हणजे खराब. दोन म्हणजे चोख. तीन म्हणजे, "अजी, गिऱ्हाईक तुम्हाला कायतरी विचारून राहिलंय, वर बघा."

अशी सहा वर्षं.

कान एका दिवसात गेले नाहीत. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिटी गेली. मग सुलतानबीच्या बांगड्या गेल्या. त्या तिच्या हातात तशाच होत्या, फक्त वाजेनाशा झाल्या. एके दिवशी शेजारची माणसं नमाजाला उठून गेली आणि चाचा बसूनच राहिले, तेव्हा त्यांना कळलं की अजानही गेली. चाळीस वर्षं फाटक्या स्पीकरांना कान लावून त्यांची दुखणी ओळखली होती. डॉक्टरांनी कानामागं लावायचं यंत्र दिलं, पण सांगितलं, आवाज मोठा होईल, साफ होणार नाही. चाचांनी ते चार दिवस घातलं. सगळं जग पत्र्याच्या डब्यात कोंबून हलवल्यासारखं वाजलं. पाचव्या दिवशी यंत्र काढून ठेवलं आणि सुलतानबीला म्हणाले, "कानाचा धंदा करणाऱ्यानं कानात यंत्र घातलं तर टकल्याकडून कंगवा घेतल्यावाणी हुईल. आपलं दुकान बसंल."

मग सुलतानबीनं पेटीतून नाडी काढली.

तिला हे काम काही नवं नव्हतं. स्पीकरच्या कागदी कोनाच्या गळ्याशी असते ती तारेची गुंडाळी, कॉईल, लग्न झाल्यापासून तीच गुंडाळत होती. तिचं माहेर मुरुडचं. तिथं शेजारच्या महामायाकाकूच्या जात्यावर बसून ती ओव्या शिकली होती. नांदेडला आल्यावर जातं सुटलं, ओव्या हाताला राहिल्या. तारेचे फेरे ती आकड्यांनी मोजत नसे. एका चरणाला एक फेरा, ओवीला चार.

तांब्याची गं तार
केसाहून नाजूक
धन्याच्या नावाचं
गावात कौतुक

अशा सत्तावीस ओव्या झाल्या की आठ ओहमची कॉईल. एक ओवी कमी नाही, एक जास्त नाही.

फोनही तीच घ्यायची. "ते कामात हायत, मला सांगा," हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की देगलूरला दिलेली लेक हुस्ना म्हणायची, "अम्मी, अब्बा म्हातारपणी लई अबोल झाले." सुलतानबी म्हणायची, "हाव. झाले."

त्या दिवशी फोन लातूरहून होता. तो ठेवून ती पडदा सारून बाहेर आली आणि चाचांच्या समोर बसली. तिचे ओठ चाचांना पाठ होते. बाकी जगाचे ओठ अर्धे समजत, अर्धे अंदाजानं भरून काढावे लागत.

"लातूरच्या मनिषाबाई. मेस चालवतात, क्लासच्या पोरापोरींची. त्यांच्याकडं व्हिडिओ गेमचा डब्बा हाय, जुना. सासऱ्याचं अहमदपूरला स्टँडजवळ पार्लर होतं, त्यातला शेवटचा. त्याचा स्पीकर गायब हाय."

"गायब कसा झाला?"

"दिरानं काढून ट्रॅक्टरला लावला. मंग ट्रॅक्टर विकला तो स्पीकरसकट विकला." ती हसली. "मी हो म्हणाले. बुधवारी येतो म्हणून सांगितलं."

चाचांचा चेहरा उतरला. "येतो म्हंजी? डब्बा इकडं आणा म्हणायचं की."

"म्हटलं. त्यांनी आधी डब्बा खोलीत ठिवला, मंग भिंत घालून दार बसवलं. आता डब्बा दाराहून मोठा झालाय."

"अन् पडदा? पडदा काय यष्टीच्या टपावर टाकून नेऊ?"

"दोन महिन्यांत नांदेडच्या बाहेरून कुणी नाव घेऊन विचारलं न्हवतं," सुलतानबी म्हणाली. "ती बाई म्हणाली, गुलाम रसूल उस्तादच पायजेत. सासरे दुसऱ्याला हात लावू देत न्हाईत. मला न्हाई म्हणवलं न्हाई. मी येते की संगं."

चाचा उठले, दुकानाच्या दारापर्यंत गेले, परत आले. लातूरला सासरा असेल, सून असेल, आणखी कोण कोण असेल. सगळे चारी बाजूंनी बोलतील. एक प्रश्न पाठीमागून आला आणि उत्तर गेलं नाही, की संपलं. बँडवाले, कव्वालीवाले, भजनी मंडळं सगळी एकमेकांना ओळखतात. माणूस यष्टीनं घरी पोचायच्या आधी बातमी पोचते.

पण हो म्हणून झालं होतं.

शेवटी दोघांनी ठरवलं ते असं. सुलतानबी अवजारांची पिशवी घेऊन शेजारी बसणार. आवाज खराब असला तर पाना पुढं करणार, चोख असला तर फडकं. आणि कुणी काही विचारलं तर पिशवी पाडणार, म्हणजे जमिनीचा हादरा चाचांच्या पायाला लागेल.

स्पीकर निवडताना चाचांनी फळीवरचा सगळ्यात जड सांगाडा उचलला. मागं भाकरीच्या गोळ्याएवढं मॅग्नेट.

"एवढा जड?" सुलतानबीनं विचारलं.

"जड तो खरा," चाचा म्हणाले.

तिनं जास्त विचारलं नाही. हे तिला ठाऊक होतं. अलीकडं ते स्पीकरच्या पाठीवर तळहात ठेवून बसत. मोठ्या मॅग्नेटचा स्पीकर हाताला थरथर जास्त देतो. लहान मॅग्नेटवाले त्यांच्या हाताला मुकेच. त्यामुळं कुणी काही मागितलं, की त्यांचा हात आपोआप जडाकडं जायचा. सुलतानबीनं सत्तावीस ओव्या म्हटल्या आणि कॉईल त्यांच्या हातात दिली.

*

बुधवारी दहाच्या सुमाराला ते लातूरच्या स्टँडवर उतरले. शेजारच्या फलाटावर मुरुडची गाडी लागली होती. सुलतानबीनं पाटी वाचली, बुरख्याची टोपी उगाच नीट केली आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एवढंच. पण चाचांनी ते पाहिलं. तिच्या बहिणीच्या दोन लेकींची लग्नं मुरुडला झाली, तेव्हा ती गेली नव्हती. पायरीवरून पडले, गुडघा धरलाय, असं कळवलं होतं. गुडघ्याला काही झालं नव्हतं. लग्नसराईत दुकान तिच्याशिवाय एक दिवस चाललं नसतं.

मेस एका शांत गल्लीत होती. आत लांबच लांब सतरंज्या, भिंतीला टेकून थाळ्यांची उतरंड, फोडणीचा वास. मनिषा चाळिशीची, कमरेला पदर खोचलेली, एकाच वेळी तिघांशी बोलणारी बाई. "या उस्ताद, या भाभी, बसा, चहा टाकते. मामा, अवो मामा, नांदेडवाले आले बघा!"

मामा म्हणजे तिचे सासरे, मलप्पा. पंचाहत्तरीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, गालात पान. खुर्चीतून उठले आणि काहीतरी बोलले. चाचांनी ओठांकडं बघितलं. ओठ नव्हतेच, भरघोस मिशी होती, आणि मिशीखाली पान एका गालातून दुसऱ्या गालात चाललं होतं.

पिशवी पडली.

"हाव हाव," चाचा म्हणाले. तोच शब्द सगळ्यात कमी धोक्याचा.

मलप्पांनी मान डोलावली. म्हणजे शब्द बसला.

डब्बा कोपऱ्यात उभा होता. माणसाएवढा उंच, प्लायवूडचा, बाजूला उडालेल्या रंगातली विमानं. मध्ये जुन्या टीव्हीसारखी काचेची नळी, खाली दांडा आणि चार बटणं, दोन नवी, दोन बोटांनी खोलगट झालेली. वर, काचेच्या माथ्यावर जाळी. जाळीमागं रिकामं गोल भोक आणि चिकटपट्टी गुंडाळलेल्या दोन वायरी. त्याला बघून चाचांचे हात शांत झाले. लाकूड, स्क्रू, वायर. इथं कुणी काही विचारत नाही.

ते चढले स्टुलावर. मलप्पा मागं उभे राहून बोलत होते. सुलतानबी ऐकत होती.

"ह्यो डब्बा चालायचा तव्हा मी गल्ल्यावर पाठ करून बसायचो. नुसत्या आवाजावरून सांगायचो कोण मेला, कोण जगला. पोरं म्हणायची, मलप्पाशेठला डोक्यामागं डोळे हायत. आता दोन वर्षं ह्यो मुका. पोरं जेवून झाल्यावर दहा मिनटं खेळतात, पण कोण मेलं ते मला कळतच न्हाई. मजाच गेली. उस्ताद, तुमच्या हातचा आवाज मला ठाऊक हाय, सत्त्याण्णव साली ह्याचा सुटा स्पीकर तुमच्या दुकानी आणला हुता, तुम्हीच कोन बदलला. आठवतं का न्हाई?"

चाचा स्क्रू पिळत होते.

"आठवतं का उस्ताद?"

पिशवी पडली. पान्यांचा हादरा स्टुलातून चाचांच्या तळव्यांना लागला. चाचांनी वळून पाहिलं, सुलतानबीचे ओठ हलले, 'सत्त्याण्णव'. "हाव," चाचा म्हणाले, "सत्त्याण्णव. उन्हाळा होता."

"पावसाळा हुता," मलप्पा म्हणाले. पण खूश झाले.

मनिषा चहा घेऊन आली आणि सुलतानबीच्या कानाशी वाकली. "भाभी, पिशवी लई निसटती तुमची. हातात मुंग्या येतात का? माझ्या आईला यायच्या, शुगर निघाली."

"न्हाई बाई. पिशवीच वंगाळ हाय."

वायरी जोडल्या. मलप्पांनी बटण दाबलं. काच उजळली, निळं आभाळ आलं, आभाळात विमान आलं. मलप्पांनी दांडा धरला. त्यांची बोटं बटणांवर अशी पडली की जणू मधली पंचवीस वर्षं कुणी पडवीत काढून ठेवली होती. डब्बा बोलला. गोळ्यांचा टपटपाट, खालून घुमणारं संगीत, आणि शत्रूचं विमान फुटलं तसा धडाम.

सुलतानबीनं ऐकलं. कॉईल घासत नव्हती. कागद मोकळा श्वास घेत होता. तिनं फडकं पुढं केलं.

चाचांनी फडक्यानं हात पुसले आणि डोळे मिटून म्हणाले, "चोख."

डोळे उघडले तर मनिषा काचेकडं बोट दाखवत होती, आणि मलप्पा दांडा सोडून उभे होते. काचेच्या वरच्या कडेला मधोमध मोठा जांभळा डाग पसरला होता. निळं आभाळ तिथं वांग्याच्या रंगाचं झालं होतं, आणि त्यातून जाणारं विमान हिरवं होऊन वाकडं निघत होतं.

दोघांच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. सुलतानबीनं डोळे खाली घालून नुसतं ऐकलं होतं, चाचांनी नुसतं फडक्याकडं पाहिलं होतं. जन्मभर त्यांचे स्पीकर लाकडी खोक्यांत गेले, मंडपाच्या खांबांवर गेले. शेजारी काचेची नळी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मोठं मॅग्नेट नळीजवळ आलं की रंग ओढतं, हे पोरवयात शिकलेलं. पण जडाच्या नादात चाचा विसरले होते.

मलप्पांनी डब्ब्याचं मागचं दार उघडून वर पाहिलं आणि ते हसले. पान गालात ठेवूनच काहीतरी म्हणाले. मनिषाही हसली, मग सुलतानबीकडं पाहून थांबली.

चाचांनी सुलतानबीला विचारलं, "काय म्हणाले?"

"चहा गार होतोय म्हणतायत."

चाचांनी तिच्याकडं पाहिलं. चाळीस वर्षं पाहत आलेला चेहरा. ओठ चहा म्हणत होते आणि डोळे भरले होते. मलप्पा काय म्हणाले असतील ते त्यांना कळलं. शब्द नाही, पण मुद्दा: एवढा मोठा मॅग्नेट लागतो म्हणजे उस्तादांचे कान गेले. मेसमधल्या मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं, वाफ वर चालली होती, आणि ते सगळं बिनआवाजाचं होतं. हो म्हटलं की सुटता येत होतं. 'मॅग्नेट बदलून देतो' म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत जाता येत होतं. पण बायकोला चारचौघांत, आपल्यासाठी, इतकं सपशेल खोटं बोलताना त्यांनी पहिल्यांदाच समोरासमोर पाहिलं. पडद्यामागचं कधी दिसलंच नव्हतं.

ते स्टुलावरून उतरले.

"मलप्पाशेठ, माझे कान गेलेत म्हणालात ना?"

मलप्पांची मिशी थांबली.

"गेलेत. सहा वर्षं झाली. ह्यो एवढा मोठा मॅग्नेट त्याच्यामुळंच. मला हाताला लागतं तेवढंच ऐकू येतं." मग सुलतानबीकडं हात केला. "रसूलचाचाचा कान म्हणून लोक जे म्हणतात, ते हिचं हाय. ही पडद्यामागं बसून ऐकती, दोरी ओढती. मी फक्त मान वाकडी करतो."

मलप्पा सुलतानबीकडं वळले. मग तावातावानं बोलू लागले.

"पान थुंका आधी," सुलतानबी म्हणाली. "अन् माझ्याकडं न्हाई, त्यांच्याकडं बघून बोला. ते तुमच्या म्होरं उभे हायत."

मनिषानं तोंडाला पदर लावला. तिच्या सासऱ्याला 'पान थुंका' असं या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मलप्पा मोरीकडं गेले, चूळ भरली, परत आले आणि चाचांच्या पुढ्यात उभे राहून शाळेत धडा म्हणावा तसे सुटे सुटे बोलले. "मागल्या साली. माझ्या भाच्याचा. ऑर्गनचा स्पीकर. तुम्ही चोख म्हणून दिला."

"चोख निघाला का न्हाई?"

"निघाला."

"दोन हिसके होते," चाचा म्हणाले.

मलप्पांना हसावं की रागवावं ते कळेना. शेवटी खुर्चीत बसत ते म्हणाले, "मी हे कुणाला न सांगता ऱ्हाईन असं मला वाटत न्हाई. खोटं कशाला बोलू. माझ्या तोंडात काय ऱ्हात न्हाई."

सुलतानबीनं ते चाचांना ओठांनी सांगितलं, एक शब्द न गाळता.

"सांगा," चाचा म्हणाले. "पण सांगताना हिचं नाव घ्या. सुलतानबी."

मग काम. पिशवीत तळाशी जळक्या स्पीकरचं एक जुनं मॅग्नेट होतं. चाचांनी ते मोठ्या मॅग्नेटच्या पाठीला उलटं धरलं, तशी दोन्ही एकमेकांना लोटू लागली. तेच हवं होतं. दोघांची ओढ एकमेकांत जिरली की नळीपर्यंत काही उरत नाही. मनिषानं तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा दिला, त्याचं झाकण कापून मॅग्नेटांवर घालायला टोपी केली. दोन ट्यूबांतला गोंद कालवून मध्ये लावला. पण गोंद धरेपर्यंत ती दोन मॅग्नेटं कुणीतरी दाबून ठेवायला हवी होती.

दोघं जमिनीवर समोरासमोर बसले. स्पीकर मध्ये पालथा. सुलतानबीचे दोन हात, वर चाचांचे दोन हात. खाली मॅग्नेटं सुटायला बघत होती, कडेनं निसटायला बघत होती, आणि हे दोघं सारा भार घालून त्यांना एका जागी बसवत होते. मलप्पांची खुर्ची, मनिषाचं पोळपाट, सगळं आपापल्या जागी. या दोघांनी मात्र वीस मिनिटं हलायचं नव्हतं.

"पुढं काय?" सुलतानबीनं विचारलं.

"पुढं तू मुरुडला जा. गाडी लागती फलाटावर. आठ दिवस ऱ्हा."

"अन् दुकान?"

"बंद ठिवीन."

"हणमंतराव जुम्म्याला येणार."

"पाटी लावीन."

"काय लिवणार पाटीवर?"

चाचांनी विचार केला. "उस्तादीण माहेरी गेलीय."

सुलतानबी इतकी हसली की हात हलले, मॅग्नेट अर्धं पेर सरकलं, आणि चाचा ओरडले, "दाब, दाब!" ते लगबगीनं परत बसवलं. हसता हसता तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं. पुसायला हात मोकळा नव्हता. चाचांचाही नव्हता.

बारा वाजता स्पीकर पुन्हा वर चढला. काच उजळली तेव्हा कडेला फिकट जांभळं होतंच. डब्बा दोनदा बंद-चालू केला, तसं तेही विरलं. आभाळ कडेपर्यंत निळं झालं. मलप्पांनी मनिषाला खेळायला उभं केलं आणि स्वतः खुर्ची फिरवून डब्ब्याकडं पाठ करून बसले.

"मला कुठं येतं मामा?"

"तुला येत न्हाई म्हूनच."

ती दांडा कसाही फिरवू लागली. टपटप, टपटप, धडाम. "मेलीस!" मलप्पा पाठमोरेच ओरडले. पुन्हा टपटप. "उजवीकडून आलं बघ. मेलीस!" त्यांनी मांडीवर थाप मारली आणि मग आवाज उतरवून विचारलं, "सुलतानबाई, तुम्ही सांगा. कसा हाय?"

परक्या माणसानं, तिचं नाव घेऊन, तोंडावर विचारलेला हा पहिलाच प्रश्न. ती गोंधळली. हात सवयीनं पिशवीकडं गेला, फडकं सापडलं, ते तिनं तसंच ठेवून दिलं.

"संगीत चोख हाय," ती म्हणाली. आधी हळू, मग नीट. "धडाम मात्र जरा जाड येतोय. वरची जाळी पत्र्याची हाय, ती संगं वाजती. जाळीमागं जुन्या धोतराचा तुकडा लावा. सुती. टेरिकॉट नको."

"धोतर मनिषा, धोतर काढ!" मलप्पा म्हणाले.

*

एकच्या सुमाराला मेस भरली. क्लासमधून सुटलेली पोरंपोरी दप्तरं भिंतीला टाकून सतरंज्यांवर बसली. डब्ब्यापाशी घोळका झाला, आणि खोलीतल्या सगळ्या माना त्या बाजूला वळल्या. चाचा पंगतीच्या टोकाला बसले होते. ते आपल्या रिकाम्या ताटाकडं बघत होते.

सुलतानबी दाराबाहेर पायरीवर उभी राहून मुरुडला फोन लावत होती. पाठमोरी होती, पण तिचा मोकळा हात हवेत कितीतरी वेळा उंच जात होता. म्हणजे पलीकडं बहीण होती.

मनिषा दुरड्या घेऊन पंगतीतून मागून मागून येत होती. चाचांच्या पाठीशी आली, वाकून काही विचारलं. उत्तर आलं नाही. तिच्या लक्षात आलं आणि ती सवयीनं सुलतानबीला शोधू लागली. सुलतानबी पायरीवर, फोनवर. मग मनिषा वळसा घालून पुढं आली, दुरड्या खाली ठेवल्या आणि चाचांच्या समोर उकिडवी बसून बोलली.

अर्धं समजलं, अर्धं नाही. अशा वेळी चाचा 'हाव' म्हणायचे आणि समोरचा देईल ते घ्यायचे. सहा वर्षांत किती नको असलेले चहा प्यायले होते, किती न कळलेल्या विनोदांना हसले होते, त्याला गणती नव्हती. आताही 'हाव' ओठांवर आलं.

"परत सांगा," ते म्हणाले. "कळलं न्हाई."

मनिषानं केसांची बट मागं सारली, तोंड नीट समोर धरलं. "भाकरी, का पोळी?"

"ज्वारीची असंल तर भाकरी."

आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण दोनचार ताटांवरची पोरं वळून बघू लागली. चाचांनी तो कमी केला नाही. "अन् वर तेल घाला जरा," ते म्हणाले आणि ताट पुढं केलं.